उन्हातला पाहुणा

गेल्या वैशाखात एका दुपारी माझा भाचा बगलेत नकाशांची लांब नळी घेऊन घरी आला. पुसदला बसस्थानकापासून फार लांब नाही अशा जागेवर त्याला लॉज बांधायचे आहे. जागा वाडवडिलांची. तिच्यावर आज एक वाडा उभा आहे. उभा म्हणजे निम्मा उभा, निम्मा बसलेला. माझी बहीण लग्न होऊन याच वाड्यात आली आणि इथूनच गेली. नकाशा मंजूर व्हायचा होता, बँकेचे कर्ज व्हायचे होते, आणि त्या दोहोंच्या आधी माझे मत व्हायचे होते. मी म्हटले, "अरे, मी जन्मभर कवितांवर आणि कादंबऱ्यांवर लिहिलं. घरातलं मला काय कळतं?" तो म्हणाला, "पुस्तक कुठं बिघडलं ते तं बरोबर सांगता न मामा. तसंच याचंही सांगा."

असे आव्हान टीकाकाराला नाकारता येत नाही. मी चष्मा लावला.

नळीतून दोन कागद निघाले. एक नकाशा, तीन मजले, अठरा खोल्या, मध्ये अंधारा बोळ, दोन्ही अंगांना खोल्यांच्या रांगा. दुसरे एक रंगीत चित्र. कुठल्याशा समुद्रकाठच्या हॉटेलचे. रुंद उघडे व्हरांडे, गवताची छपरे, भिंतीच्या जागी नुसत्या झडपा, आणि पलीकडे निळे पाणी. कोरड्या किनाऱ्यावरची ही वास्तू पर्यावरणाशी जुळवून घेणारी आहे, असे खाली लिहिले होते. "बाहेरून आपलं असं दिसलं पाहिजे," भाचा म्हणाला. "लोक आजकाल हे पर्यावरणाचं विचारतात. एलिव्हेशनला थोडी काच घेतली, म्हणजे मॉडर्नही वाटते."

पुसदला समुद्र नाही. पूस नदी आहे, आणि मे महिन्यात तिच्यात पाण्यापेक्षा दगड अधिक दिसतात. पण मला हसू आले नाही. मराठी रंगभूमीवर परक्या नाटकांची रूपांतरे पाहण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याने या चित्राला हसू नये. परके रूप उचलणे हा दोष नव्हे. ज्या हवेत ते रूप जन्मले तिचा विचार न करता उचलणे हा दोष. तेव्हा चित्रातले हॉटेल चांगले की वाईट, हे ठरवण्याआधी ते कोणत्या हवेला दिलेले उत्तर आहे हे पाहिले पाहिजे.

समुद्राकाठी, मग तो किनारा पावसाने कितीही कोरडा असो, हवेत ओल असते. पाणी दिवसा सावकाश तापते आणि रात्री सावकाश निवते. त्यामुळे किनाऱ्यावरच्या दिवसरात्रीत फार अंतर पडत नाही. दुपारी समुद्राकडून वारा येतो, रात्री जमिनीकडून जातो. अशा जागी माणसाला हवा असतो तो अंगावरचा घाम सुकवणारा वारा. म्हणून तिथली शहाणी वास्तू भिंती पातळ करते, दारे समोरासमोर ठेवते, छप्पर लांब पुढे काढते. इराणच्या आखाताच्या काठी, जिथे पाऊस नावालाच पडतो, तिथे लोकांनी घरांवर वारा धरणारे मनोरे उभारले. त्यांना बादगीर म्हणतात. वारा पकडायचा आणि माणसाच्या अंगावर आणून सोडायचा, हा तिथल्या वास्तुकलेचा गाभा.

आता हीच उघडी झडप पुसदच्या वैशाखात ठेवून पाहावी. इथे दुपारी पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो, आणि जो वारा येतो तो भट्टीच्या तोंडातून आल्यासारखा येतो. आमच्या लहानपणी अकरा वाजता आई दारे-खिडक्या लावून घेई आणि पाच वाजेपर्यंत उघडू देत नसे. वाऱ्याला घरात बोलवायचे ते रात्री. कोकणातल्या माणसाला हे ऐकून गुदमरायला होईल. आम्हांला त्याचे उघडे घर पाहून भाजायला होते. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. समुद्रकाठचा व्हरांडा पुसदला आणणे ही काचेइतकीच उसनवारी आहे. फरक एवढाच, की काचेचा दोष लगेच दिसतो आणि व्हरांड्याला पर्यावरणाचे नाव असल्यामुळे त्याचा दोष दिसायला वेळ लागतो.

आमच्या पिढीने कलेसाठी कला की जीवनासाठी कला, या वादात पुष्कळ शाई घालवली. लॉजच्या बाबतीत तो वाद मला फार सोपा वाटतो. इथे जीवन म्हणजे दुपारचे तीन. उमरखेडहून किंवा दिग्रसहून एसटीने आलेला माणूस हातात पिशवी घेऊन खोलीचे दार उघडतो, त्या क्षणी खोली त्याच्याशी काय बोलते, हीच त्या वास्तूची कसोटी. दुसरी कसोटी रात्री एकची.

या दुसऱ्या कसोटीचा एक अनुभव माझ्या गाठी आहे. विदर्भातल्याच एका गावी (नाव सांगत नाही) मी एका लग्नासाठी लॉजमध्ये उतरलो होतो. वरचा मजला, पश्चिमेची खोली, नवी कोरी फरशी. दहाला वीज गेली. मी भिंतीला टेकलो आणि दचकून बाजूला झालो. भिंत तापलेल्या तव्यासारखी होती. रात्री एक वाजताही छतातून झळ येत होती. बाहेर आलो तर अंगणात सुखद गारवा होता. म्हणजे गावावर रात्र कधीच उतरली होती. त्या खोलीत ती अजून पोचली नव्हती. खोली चुकीची बांधली जाते म्हणजे काय, ते मला त्या रात्री समजले.

त्याचे कारण अगदी साधे आहे. ऊन पदार्थातून आत शिरायला वेळ घेते. चार-पाच इंची सिमेंटची स्लॅब दुपारचे ऊन तीन-चार तासांत आत आणून सोडते, म्हणजे नेमके माणूस झोपायला येतो तेव्हा. दीड-दोन फूट मातीची भिंत त्याच कामाला दहा-बारा तास लावते. दुपारची उष्णता आत पोचते तेव्हा पहाट झालेली असते, खिडक्या उघड्या असतात, आणि ती आली तशी निघून जाते. इथल्या दिवसात आणि रात्रीत पंधरा अंशांचे अंतर असते, म्हणून हा खेळ जमतो. समुद्राकाठी तो जमत नाही. तिथे रात्रीला भिंत निववण्याइतकी ताकदच नसते. आणखी एक गोष्ट लॉज बांधणारे विसरतात. पुसद उत्तर अक्षांशाच्या सुमारे विसाव्या अंशावर आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात इथे भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली त्याच्या पायांखाली नाहीशी होते. त्या दिवसांत घराची खरी दर्शनी बाजू म्हणजे त्याचे छत. एलिव्हेशन सूर्याला दाखवायचे असेल, तर ते वर काढायला हवे.

हे आमच्या जुन्या लोकांना अक्षांश न मोजता ठाऊक होते. वऱ्हाडातले धाब्याचे घर पाहावे. सागाच्या तुळया (आणि साग तर या जिल्ह्याचा), त्यांवर लाकडाच्या फळ्या किंवा काटक्या, त्यांवर पाला, आणि वर पांढरीची माती हातभर. शेताची ती काळी, गावठाणाची ती पांढरी, असा आमच्याकडे जमिनीचा भेद आहे. पांढरीची माती पाणी लवकर पिऊ देत नाही, म्हणून ती धाब्यावर. उन्हाळ्यात संध्याकाळी त्याच धाब्यावर पाणी शिंपडून बाजा टाकायच्या. भाच्याच्या वाड्यात शिरताना आधी ढेलज लागते. ढेलज म्हणजे दरवाजाच्या आतली दोन्ही बाजूंना ओटे असलेली जागा. दरवाजाची सावली आणि चौकातली झुळूक दोन्ही तिथे मिळतात. उन्हातून आलेल्याने तिथे दोन मिनिटे टेकावे, गुळाचा खडा आणि पाणी घ्यावे, डोळ्यांतली तिरीप जाऊ द्यावी, आणि मग ओसरीवर यावे. लॉजच्या नकाशात जिला रिसेप्शन म्हणतात ती जागा आमच्याकडे फार पूर्वीपासून आहे. फक्त तिला काउंटर नव्हता.

पण टीकाकाराने आपल्या आठवणीच्या प्रेमात पडू नये. वाड्याचे दोषही लिहून ठेवले पाहिजेत. माजघरात दिवसा दिवा लागे, आणि तो अंधार ज्या बायकांच्या वाट्याला आला त्यांना भिंतीच्या जाडीचे कौतुक विचारले असते तर त्यांनी काय सांगितले असते कोण जाणे. पावसाळ्यात धाबे गळे. विंचू तुळयांतून खाली पडत. आणि ती ओसरी! तिची सावली सगळ्यांना सारखी नव्हती. तांड्यावरून बाजाराला आलेला माणूस चौकाच्या बाहेर लिंबाखाली बसे. ज्यांना तेवढेही मिळत नव्हते असेही होते. मोजूनमापून, जात विचारून दिलेला गारवा, हा वाड्याचा मूळ दोष. पैसे देणाऱ्या कोणालाही किल्ली देणारे लॉज त्या ओसरीपेक्षा या एका बाबतीत मोठे आहे, हे मला भाच्यापुढे कबूल करावे लागले.

या दोषावर एक उत्तर आमच्या शेजारच्याच वर्धा जिल्ह्यात दिले गेले. १९३६ साली गांधीजी शेगावला राहायला आले. पुढे त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. त्यांच्या पहिल्या घरासाठी त्यांची अट होती, की खर्च पाचशे रुपयांच्या आत असावा आणि सामान व हात दोन्ही आसपासचे असावेत. माती, बांबू, वर कवेलू, भोवती पडवी. त्या आदि निवासात गांधीजी, कस्तुरबा, आश्रमातली माणसे आणि पाहुणे एकाच छपराखाली राहत. खान अब्दुल गफारखान तिथे राहिले, आमचे तुकडोजी महाराजही राहिले. पुढे १९७८ साली इव्हान इलिच बापूकुटीत बसून गेले आणि त्या कुटीवर बोलले. परदेशी विद्वानाने सांगितल्यावर आम्हांला आमची माती दिसली, ही नेहमीची गोष्ट. मी तिथे अनेकदा गेलो आहे. मला सर्वांत मोलाची वाटते ती तिथली पडवी. भिंतीवर ऊन पडूच द्यायचे नाही, ही तिची बुद्धी. दाराशी आलेल्याला आधी सावली देणे हे ढेलजेचेच काम. इथे ते जात न विचारता होते. मात्र कुटीला भाडे घ्यायचे नव्हते, आणि तिला दरवर्षी सारवणारे हात होते. लॉजवाल्याला तेवढे हात परवडत नाहीत. सेवाग्रामची नक्कल करून पुसदला गवताच्या कुट्या बांधणाऱ्यांनी हे आधी पाहावे. वाकलेल्या भिंतीपेक्षा वाकलेले तत्त्व लवकर पडते.

तेव्हा मी भाच्याला समुद्रकाठचे एक खरे उदाहरण दाखवायचे ठरवले. त्याच्या चित्रातले नव्हे, पाँडिचेरीचे. तो किनारा कोकणापेक्षा कितीतरी कोरडा. पाऊस निम्म्याहून कमी, आणि तोही मुख्यतः आपल्या दिवाळीच्या सुमाराला. तिथे अरविंदाश्रमाने १९३७ साली साधकांसाठी एक निवासवास्तू बांधायला घेतली. तिचे नाव गोलकोंड. निजामाचे दिवाण सर अकबर हैदरी यांच्यामार्फत पैसा मिळाला, म्हणून हे नाव. आम्हां वऱ्हाडकरांना या नावाची एक जुनी गंमत आहे. आमचा वऱ्हाड इंग्रजांच्या हाती असला, तरी कागदोपत्री तो कैक वर्षे निजामाचाच होता. आणि पैनगंगा ओलांडली की निजामाचे प्रत्यक्ष राज्य लागे. असो. वास्तुशिल्पी अँटोनिन रेमंड. टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलच्या कामासाठी फ्रँक लॉइड राइटबरोबर जपानला गेलेला आणि तिथेच राहिलेला माणूस. त्याच्यासोबत जॉर्ज नाकाशिमा आणि फ्रान्तिशेक साम्मेर. इमारत भारतातल्या सिमेंट-काँक्रीटच्या पहिल्या चांगल्या वास्तूंपैकी. म्हणजे सिमेंटने चांगले काही होत नाही, या माझ्या म्हातारपणाच्या ग्रहाला तिने आधीच छेद दिलेला आहे.

तिच्यात काय केले आहे? एकाच खोलीइतकी रुंदी, लांब अंग उत्तर-दक्षिणेला, आणि दोन्ही अंगांना खालपासून वरपर्यंत फिरत्या आडव्या पट्ट्या, हव्या तेवढ्या उघडाव्यात. खोली आणि मार्गिका यांच्यामध्ये सागाची सरकती दारे. ती बंद असली तरी वारा अडत नाही. आणि छतावर दुसरे छत. सिमेंटच्या कमानदार कवचांची रांग, मध्ये हवेची फट. ऊन पहिल्या छतावर पडते, दुसऱ्यावर त्याची सावली. "हे आपल्याला घ्यायचं का?" भाच्याने विचारले. मी म्हटले, पट्ट्या घ्यायच्या नाहीत, छत घ्यायचे. पट्ट्या समुद्राच्या वाऱ्यासाठी आहेत. छत सूर्यासाठी आहे, आणि सूर्य दोन्हीकडे सारखाच.

कुणी म्हणेल की ही माझी शब्दपंडिताची काटाकाट आहे. तर एकाच हाताने लिहिलेल्या दोन रचना पाहाव्यात. चार्ल्स कोरिया यांनी गोव्यात दोना पावलाजवळ किनाऱ्यावर सिदाद द गोवा हे हॉटेल उभारले. ते १९८२च्या सुमारास पुरे झाले. तिथे अंगणे, सज्जे, मोकळ्या जागा समुद्राकडे उतरत जातात. याच कोरियांनी १९६८च्या सुमारास अहमदाबादेत, म्हणजे आमच्यासारख्याच रखरखीत हवेत, पारेख कुटुंबासाठी घर बांधले. त्या घराला उन्हाळ्याचा एक भाग आणि हिवाळ्याचा एक भाग. उन्हाळ्याचा भाग खाली रुंद, वर निमुळता. उन्हाला पाठ फिरवून आत आक्रसलेला. हिवाळ्याचा त्याच्या उलट, आकाशाकडे उघडणारा. दिवसाला आणि ऋतूला खोली बदलायची, ही आमच्या आजीची युक्ती. ती दुपारी माजघरात आणि रात्री धाब्यावर असे. किनाऱ्यावर सैल सोडलेली ओळ कोरियांनी कोरड्या मुलखात आवळून घेतली. कवीला वृत्त बदलता आले पाहिजे, एवढेच मला म्हणायचे होते.

भाच्याचे आक्षेप मात्र कवितेतले नव्हते. तो म्हणाला, "मामा, दोन फुटांची भिंत घेतली तर अठराच्या पंधरा खोल्या होतात. हप्ता कोण भरते?" आणि पुढे, "गिऱ्हाईक येतं अन् पहिलं विचारतं, एसी आहे का." हे खरे आहे. कूलरही आहेच, आणि कोरड्या मुलखाला कूलरइतका नैसर्गिक दुसरा सोबती नाही. वाळ्याच्या ओल्या पडद्याचे ते लोखंडी रूप. पण तो पाणी पितो, आणि पुसदला मे महिन्यात पाणी मोजून येते. मृगाचा पहिला पाऊस पडला की त्याचा उपयोग संपतो. मग तो नुसती चिकचिक वाढवतो, कारण तेव्हा आमची हवाही थोडे दिवस समुद्राकाठची होते. एसी खोली गार करतो आणि बोळ तापवतो. अठरा खोल्यांचे अठरा एसी त्या मधल्या बोळात किंवा मागच्या गल्लीत जी आग ओकतील ती शेजारच्या घरात जाईल. त्या घरात एसी नाही. आपल्याच जिल्ह्यात वणीकडे कोळसा खणतात, चंद्रपूरला कोळसा जाळून वीज होते, आणि आम्ही ती वीज वापरून सिमेंटच्या भिंतीने रात्रभर जपून ठेवलेले ऊन बाहेर फेकतो. याला पर्यावरण म्हणण्यासाठी गवताचे छप्पर पुरणार नाही.

मी पेन्सिल घेतली. पश्चिमेच्या सहा खोल्या खोडल्या. तिथे जिना, न्हाणीघरे आणि सामानाची खोली घातली. दुपारचे तिरपे ऊन खायला त्या जागा बऱ्या, त्यांना झोप लागत नाही. मधला बोळ खोडून तिथे वाड्याचा चौक परत आणला. खिडक्या चौकाकडे, म्हणजे रात्री वारा वर निघून जायला वाट. दोन फुटांची भिंत मागितली नाही. दोन पातळ भिंती आणि मध्ये फट, असे लिहिले, त्याला जागा कमी लागते. गच्चीवर गोलकोंडसारखे दुसरे छत, फार तर कवेलूंचे, आणि वर बाजा टाकायला जागा. जुन्या तुळया चांगल्या आहेत, त्या फेकायच्या नाहीत. अठराच्या चौदा खोल्या झाल्या. भाच्याने मनातल्या मनात भाड्याचा गुणाकार केला, हे मला त्याच्या ओठांवरून दिसले.

माझ्या या खोडण्यातही दोष असतील. इंजिनियर म्हणाला, दुहेरी छताचा खर्च मी धरलेलाच नाही. आणि चौकातून आवाज सगळ्या खोल्यांत जातो, लग्नसराईत गिऱ्हाईक तक्रार करील. हे दुसरे मला सुचलेच नव्हते. वाड्यात आम्ही सगळे एकमेकांचे ऐकतच झोपत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे वाड्यावर गेलो. ऊन वर यायचे होते. भाच्याने ढेलजेची भिंत टेपने मोजली. बावीस इंच भरली. त्याने तळहात भिंतीवर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. माझी बहीण भर उन्हातून आली की तिथेच पाठ टेकून उभी राही, हे त्याला आठवले असेल की नाही, मी विचारले नाही. परवा त्याचा फोन आला. ढेलज पाडत नाही म्हणतो. तिथेच नोंदवही ठेवणार, माठ ठेवणार. पश्चिमेच्या खोल्याही सोडल्या. पण रस्त्याकडची काच त्याला हवीच आहे, निदान पहिल्या मजल्यावर. रात्री दिवे लागले की रस्त्यावरून लॉज दिसले पाहिजे. रस्ता पूर्वेला आहे. तेव्हा सकाळी नऊनंतर त्या काचेवर सावली पडेल असा छज्जा किती पुढे काढावा लागेल, ते मी सध्या इंजिनियरला विचारतो आहे.